कपारीवरची शाळा

१७ नोव्हेंबर, सोमवार

मंजूर! दोन नव्या वर्गखोल्या मंजूर!

केंद्रप्रमुखांचा फोन प्रार्थनेच्या वेळी आला. ऐकता ऐकता मी मुलांना 'विश्राम' म्हणायचंच विसरले. सगळी पोरं सावधानमध्ये ताठ, आणि मी फोन कानाला लावून हसत उभी!

रविकांत सर — शाळेत आम्ही दोघंच शिक्षक, ते किनवटहून मोटारसायकलवर येतात — गाडीवरून उतरायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, मार्चच्या आत काम दिसलं पाहिजे. नाहीतर पैसा परत जातो." जाऊ देणार नाही. काही झालं तरी जाऊ देणार नाही.

या इमारतीच्या स्लॅबखाली मी चौथं वर्ष काढतेय. सळया उघड्या पडल्यात, गंजून फुगल्यात. पावसाळ्यात गिलाव्याचे पोपडे वहीवर पडतात, पोरं ते झटकतात आणि पुढचं गणित लिहितात. त्यांना सवय झालीय. मला नाही होत. मी दारात उभी राहून शिकवते, एक डोळा वर. लोकांना वाटतं मॅडमला वारा लागतो. खरं कारण इथं कुणाला सांगितलं नाही. भूकंपाच्या पहाटे औसा तालुक्यातल्या आमच्या गावात मला दगडमातीखालून ओढून काढलं, तेव्हा मी तिसरीत होते. धाकटा भाऊ निघाला नाही. तेव्हापासून कुठल्याही घरात शिरले की मान आपोआप वर जाते.

अश्वजितला फोन केला. नवरा लातूरच्या एसटी वर्कशॉपमध्ये, सासूबाई त्याच्याजवळ, आणि मी इथं इस्लापूरच्या जंगलाकडं. मागं हातोड्यांचा आवाज. "पोरांना पेढे वाट," म्हणाला.

१९ नोव्हेंबर

जागा ठरली. म्हणजे ठरवायला दुसरी आहेच कुठं! शाळेमागचा खडकाळ माळ, तेवढंच गायरान. बाकी सगळी शेतं, आणि शेत कोण देतं? सरपंच श्रीमंत पाटील स्वतः येऊन गेले. सोबत बांधकामाचा गुत्तेदार, माणिकप्पा, उदगीरकडचा. परवा आखणी.

दुपारी खिचडी वाढताना गुणाबाई हळूच म्हणाली — शाळेचं जेवण तीच शिजवते, माझ्या खोलीला लागूनच तिचं घर —

"मॅडम, माळावर नका हो."

"का हो मावशी?"

"थंडीचं तिथं ते येतात."

"कोण ते?"

तिनं हातातली पळी खाली ठेवली आणि दोन्ही हात पसरले. पुरले नाहीत. मग भिंतीपासून चुलीपर्यंत बोट फिरवलं.

मी जेवले नाही.

२१ नोव्हेंबर

पाहिलं.

ऊन वर आल्यावर आम्ही माळावर गेलो. माणिकप्पाच्या हातात चुन्याचं घमेलं, पाटील पुढं, मी मागं. वर खडकाला मोठी आडवी कपार आहे. तिच्या तोंडाशी कुणीतरी ट्रॅक्टरचं जुनं टायर टाकलंय असं वाटलं. मनात म्हटलं, हे आधी उचलायला सांगू. मग ते टायर हललं. हललं म्हणजे — फुगलं आणि बसलं. श्वास! पिवळट अंगावर तपकिरी डाग, उन्हात तेल लावल्यासारखे चमकत होते. त्याच्या खाली आणखी एक वेटोळं. आणि कपारीच्या आत, अंधारात, आणखी.

माणिकप्पा "अय्यय्यो" करत घमेलं टाकून पळाला. मी कशी खाली आले ते आठवत नाही. एक चप्पल वरच राहिली.

पाटील सावकाश उतरले. हसत होते. "अजगर हाय मॅडम. इखारी न्हाई." मग हसू थांबलं. "हे बघा. तुमी कायबी बघितलं न्हाई. मी बी न्हाई. फॉरेस्टवाल्यांना कळलं की काम गेलं. वाघाला जो कायदा, त्योच ह्याला हाय. मग बसा अजून धा वर्षं त्या स्लॅबखाली."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच ठाऊक नाही.

२४ नोव्हेंबर

आता शिकवताना दोन्हीकडं बघावं लागतं. वर स्लॅब, मागं खिडकीतून माळ. दुसरीतल्या सत्यमनं विचारलं, "मॅडम, तुमी कुनाला हुडकून राहिल्या?"

मोबाइलवर वाचलं. थंडीत ते एखाद्या कपारीत गोळा होतात, पुष्कळदा दरवर्षी त्याच. तोंडाशी येऊन ऊन खातात. ऊन तापलं की पांगतात. माळ फोडून शेतं झाली, खाणी झाल्या, रस्ते झाले. अशा जागा थोड्याच उरल्यात. फोटो आला की मी तो अंगठ्यानं झाकत होते.

माणसाच्या वाटेला जात नाहीत, असंही लिहिलंय. परत परत वाचलं. अंगावरच्या काट्याला कुठं वाचता येतं!

२६ नोव्हेंबर

माणिकप्पाचे मजूर माळावर चढायला तयार नाहीत. "साफ करून द्या, मग येतो." आज शाळेच्या ओट्यावर बसून त्यानं पाटलांना उपाय सांगितला — रविवारी कपारीत डिझेल ओतायचं, वर कडबा टाकायचा, पेटवायचं. राख झाली की जेसीबी.

भिंतीला कुठला रंग द्यायचा, अशा आवाजात बोलत होता. वाईट माणूस नाही तो. कपाळावर घाम होता त्याच्या. घाबरलाय, माझ्यासारखाच.

पाटील माझ्याकडं बघून म्हणाले, "मॅडम, रविवारी तुमी लातूरला जाऊन या."

२७ नोव्हेंबर

इस्लापूरच्या स्टँडजवळ वन खात्याचा फलक आहे, त्यावर नंबर. मी तो तळहातावर लिहून आणला. खोलीचं दार लावलं. नंबर लावला. एक रिंग गेली — तोडला. परत लावला. परत तोडला.

नाही होत माझ्याच्यानं.

फोन केला तर माळ वाचेल आणि पोरं त्या स्लॅबखालीच राहतील. नाही केला तर ते सगळं आत जिवंत जळेल. माझी खोली माळाच्या अंगालाच आहे. लातूरला गेले तरी परत तर इथंच यायचं, तो वास घेत!

अश्वजितला विचारलं. म्हणाला, "तू परगावची. एकटी राहतेस. त्यात आपण — कळतंय ना मला काय म्हणायचंय? गाव फिरलं तर तुला कोण आहे तिथं? यात पडू नको, लुंबिनी."

हात साबणानं धुतला. आकडे गेले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

वन खात्याचे लोक आले! सकाळची शाळा सुटायच्या सुमाराला. वनरक्षक दयानंद, तरुण, शांत माणूस, सोबत दोघं. कुणाला न विचारता थेट माळावर गेले. फोटो काढले, उतरले. ओट्याखाली माणिकप्पाचे डिझेलचे कॅन होते, तेही बघितले. "काडी लावणारा तुरुंगात जाईल," एवढंच बोलले. आवाज चढवला नाही.

गाडी गेल्यावर पाटलांनी माझ्याकडं पाहिलं. मग माणिकप्पानं. मग रविकांत सरांनी. मग पोरांना न्यायला आलेल्या सगळ्यांनी.

पण मी केला नाही! मी फोन केलाच नाही!

३० नोव्हेंबर

गुणाबाईला सांगितलं, मी नाही केला. ती मान डोलावून "हाव" म्हणाली आणि भांडी घासत राहिली. रविकांत सरांना फोनवर सांगितलं. "मॅडम, झालं ते झालं. पण आधी मला तरी विचारायचं."

खोटं बोललेलं पचतं. खरं बोललेलं कुणी ऐकूनच घेत नाही, हे काय!

३ डिसेंबर

दूधवाला आला नाही, सलग तिसऱ्या दिवशी. आज मला बघून त्यानं गाडी गल्लीच्या तोंडाशीच वळवली.

ज्वारी दळायला गेले. गिरणीवाला म्हणाला, "गिरणी बंद हाय." आत गिरणी चालू होती! पट्टा फडफडतोय, पीठ उडतंय, आणि हा माझ्या डोळ्यांत बघून सांगतोय — बंद हाय. त्याला ऐकू यावं म्हणून मला ओरडावं लागलं, "चालू आहे की!" तो म्हणाला, "बंद हाय मॅडम." दुसऱ्या बाया पदराआडून बघत होत्या. डबा घेऊन परत आले. भांडायला हवं होतं.

भात खाल्ला.

५ डिसेंबर

निम्मी पोरं शाळेत नाहीत. बांधावर बसून लांबून शाळेकडं बघतात. एकानं हाक मारली — "सापवाली मॅडम!" बाकीची हसली. त्यातली दोन माझी लाडकी.

८ डिसेंबर

सकाळी दार उघडलं. उंबऱ्यावर मेलेली धामण. डोकं ठेचलेलं, शेपटी बाहेरच्या कडीला सुतळीनं बांधलेली. दारासोबत ती आत ओढली गेली, माझ्या पायापर्यंत.

ओरडले नाही. भिंतीला पाठ लावून किती वेळ उभी होते कोण जाणे. गुणाबाई आली, सुतळी विळ्यानं कापली, काठीवर घेऊन गेली. परत येऊन उंबरा धुतला. माझ्याकडं बघितलं नाही.

मी जन्मभर दाराशी झोपत आले. हललं की बाहेर पळता यावं म्हणून. आजपासून अंथरूण आत घेतलं, दाराला टेबल लावलं. आत छप्पर आणि बाहेर माणसं. कुठल्या बाजूला तोंड करून झोपायचं?

९ डिसेंबर

अश्वजित म्हणतो, रजा टाक, ये. सासूबाई मागून ओरडल्या, "नोकरी गेली चुलीत, तू ये आधी." रडू आलं. पण मी गेले तर कोण म्हणणार नवीन खोल्यांचं? रविकांत सर? ते पाच वाजले की गाडीला किक मारतात.

११ डिसेंबर

आज समजलं. आज समजलं कुणी केला!

मधल्या सुट्टीत लक्ष्मीबाई आल्या. पाटलांची बायको. या शाळेत कधी पाऊल टाकत नाहीत. चौथीतली आरती त्यांची नात, तिला सोडायलासुद्धा गडी येतो. मला स्वयंपाकाच्या शेडमागं बोलावलं.

"फोन म्या केला, बाई."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"ह्यांच्या मोबाइलवरनं. हे आंघोळीला गेल्ते. नंबर फलकावरचा, आरतीकडनं लिवून आनला."

"पण का, काकू?"

"भेव वाटलं." इकडंतिकडं बघून घेतलं त्यांनी. "जाळून समदे मरत न्हाईत. माझ्या माहेरी जाळलं हुतं एकदा. वाचले ते पुढल्या थंडीला परत तिथंच आले. त्यांचं घर हाय ते. आता हितं शाळा बांधल्यावर? फरशीखाली कपार, आन वर माझी आरती बसलेली. ह्यांना सांगितलं म्या. हे म्हनले, तुला काय कळतंय."

राग यायला हवा होता. त्यांनी माझे हात धरले — गार, माझ्याहून गार!

"तुमचे हाल बघून राहिले मी. पन नाव घिऊ नका, बाई. ह्या वयात मला माहेरी धाडतील हे. भाऊबी न्हाई राहिला तिथं."

घंटा झाली. त्या मागच्या वाटेनं गेल्या, भिंतीला धरून.

१२ डिसेंबर

पारावर बोलावलं.

दिवस मावळायला आला होता. मारुतीच्या पारावर सगळी पुरुषमंडळी. मला खाली प्लास्टिकची खुर्ची, म्हणजे सगळ्यांकडं मान वर करून बघायचं. गिरणीवाला होता, दूधवाला होता. रविकांत सर आले नाहीत, गाडी पंक्चर म्हणे.

पाटील म्हणाले, "मॅडम, एकदा सांगून टाका. फोन तुमी केला का न्हाई?"

जिभेवर नाव तयार होतं. एक नाव! की दूध परत, दळण परत, झोप परत. पारासमोरच पाटलांचं घर. लक्ष्मीबाई दारात उभ्या होत्या, अर्ध्या उजेडात, अर्ध्या आत. चौकट घट्ट धरलेली. मी ती बोटं पाहिली. ढिगाऱ्यातून मला काढलं तेव्हा आईनं माझं मनगट असंच धरलं होतं, सोडवता सुटत नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "मी केला."

आवाज माझाच, पण शेजारच्या गल्लीतून आल्यासारखा. वाटलं, आता उठतील. अंगावर येतील. खुर्चीचा पाय दगडावर टकटक वाजायला लागला. पण कुणीच काही बोललं नाही. शिवीसुद्धा नाही! गिरणीवाला खाली बघून तंबाखू मळत राहिला. पाटलांनी मान डोलावली.

"झालं तर मग. जावा घरी."

१३ डिसेंबर

का म्हणाले मी तसं? अश्वजितला सांगितलेलं नाही.

२२ डिसेंबर

वन खात्याचं पत्र आलं. माळावर बांधकाम करता येणार नाही. दुसरी जागा मिळाली तर खोल्या होतील, तीही वेळेत मिळाली तर. नाहीतर पैसा परत. जागा कुठून आणू?

माणिकप्पा आधीच आणून ठेवलेला काँक्रीटचा मिक्सर न्यायला आला होता. मला वाटलं वाकडं बोलेल. मजूर लांब गेल्यावर म्हणाला, "खरं सांगू मॅडम? बरं झालं. लई भ्यालो होतो मी. पेटवल्यावर एखादा जळत बाहेर आला असता तर? घरी बायकोला पण सांगितलं नाही." मग मोठ्यानं, मजुरांना ऐकू जावं म्हणून — "आमचं तर नुकसानच केलं तुम्ही!" आणि गेला.

स्लॅबखाली पोरांना बसवत नाही मी आता. बाहेर कडुनिंबाखाली वर्ग भरतो. थंडीनं पोरं काकडतात. माळ तिथून समोरच दिसतो. ऊन वर आलं की कपारीशी काहीतरी चमकतं, आणि माझं वाक्य मध्येच तुटतं.

१४ जानेवारी

संक्रांत. कुणी आलं नाही. फक्त आरती, पळत. मुठीतला तिळगूळ माझ्या हातात कोंबला, घामानं चिकट झालेला. "आजीनं दिलाय. कुनाला सांगायचं न्हाई."

२२ जानेवारी

हात धुतले तरी वास जात नाही.

सकाळपासून आभाळ भरलेलं. दुसऱ्या तासाला गारा सुरू झाल्या. सुपारीएवढ्या! पोरं डोक्यावर दप्तरं धरून ओरडायला लागली. मी त्यांना आत घेतलं. मीच! दुसरं करणार काय होते? भिंतीकडेनं बसा, मधे कुणी जायचं नाही — ओरडून सांगितलं. आरती मधे गेली. सत्यमची पेन्सिल घरंगळली होती, ती द्यायला.

आधी आवाज येतो. कुणाला माहीत नसेल, मला माहीत आहे. वाळकं लाकूड मोडल्यासारखा, एकदाच. मी तिचं नाव घेतलं. तिनं माझ्याकडं बघितलं, म्हणून डोकं वाचलं. तेवढं वळली ती. स्लॅबचा तुकडा खांद्यावर आला, कपाळ चाटून गेला.

धूळ. पोरांचं रडणं. मी तिला उचललं कसं? गुणाबाईनं पदर फाडून बांधला. रस्त्यावर दूधवाल्याचं पिकअप होतं. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, कॅन भराभर खाली फेकले आणि दार उघडलं. इस्लापूरहून किनवट. गारा टपावर वाजत होत्या. आरती विचारत होती, "मॅडम, सत्यमला पेन्सिल भेटली का?"

कपाळाला टाके. खांद्याचं हाड मोडलंय. डोक्याला काही नाही, डॉक्टर म्हणाले. दोनदा विचारलं मी, दोनदा तेच म्हणाले.

पाटील आले तेव्हा मी बाकड्यावर होते, साडी रक्तानं भरलेली. आता मारतील. मारू देत. ते समोर उभे राहिले. बघत राहिले. मग आत गेले.

२३ जानेवारी

वर्गांना कुलूप. रविकांत सर आज वेळेत आले, चिठ्ठ्या-अहवाल सगळं त्यांनीच लिहिलं. "मी पारावर यायला हवं होतं," मध्येच म्हणाले. मी शाळेचा शिक्का त्यांच्यापुढं सरकवला.

दाराशी दुधाचं पातेलं भरून ठेवलेलं. कोण ठेवून गेलं ते नाही पाहिलं. मांजरानं तोंड घालायच्या आत उचललं. प्यायला धजावले नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन कुलूपबंद शाळेसमोर. पाटलांनी दोरी ओढली. झेंडा अडकला, मग सुटला. पोरं पांगल्यावर ते ओट्यावर बसले. मी उभीच.

"दोन खोल्यांला किती जागा लागती?"

मला कळलंच नाही आधी.

"रस्त्याच्या कडंचं माझं तुरीचं रान हाय. काळी माती, खडक न्हाई, कपार न्हाई. आरतीची आजी तीन दिस जेवली न्हाई. म्हनती, देत असाल तर देऊन टाका, न्हाईतर पोरीला लातूरला शिकाया धाडा." खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. "लिहून देतो शाळेच्या नावानं. बक्षीसपत्र. मार्चच्या आत हुतंय का बघा."

"होतंय," मी म्हणाले. "होतंय पाटील!"

घरी आले आणि दाराचं टेबल बाजूला केलं.

३ फेब्रुवारी

जागाबदलाचा प्रस्ताव गेला. वरून होकारही आला. तुरीचं रान मोकळं झालंय, माणिकप्पा येऊन मोजून गेला. गिरणी 'चालू' आहे! गिरणीवाला दळणाचे पैसे घेईना, मी बळंच ठेवले.

दयानंद आले होते. "ऊन तापायला लागलं मॅडम, आता पांगतील. एकदा बघून घ्या." मी नको म्हणाले. मग त्यांच्या मागं मागं गेले. त्यांनी लांबच थांबवलं, कपारीतल्यांना त्रास नको म्हणून. माझ्यापासून त्यांना त्रास!

एकच होता बाहेर. खडकावरून उतरत होता, इतका सावकाश की नुसतं बघणाऱ्याला वाटावं खडकच सरकतोय. शेपटी गवतात जाईस्तोवर मी श्वास धरून होते. भीती गेली नाही. पण डोळे मिटले नाहीत.

मागच्या वेळची चप्पल तिथंच होती. आणायला काही गेले नाही.

११ फेब्रुवारी

आरती शाळेत आली, हात गळ्यात अडकवून. निंबाखाली माझ्या खुर्चीवर तिला बसवलं. लक्ष्मीबाई स्वतः सोडायला आल्या होत्या, पुढच्या दारानं. आम्ही बोललो नाही. त्या हसल्या.

अश्वजितला आज सगळं सांगितलं — पार, फोन, सगळं. तो म्हणाला, "वेडी आहेस." मग, "आता कशी आहेस?" बरी आहे म्हणाले. खरंच बरी आहे. गाव मला आपलं मानायला लागलंय असं वाटतं.

२४ फेब्रुवारी

किनवट. बक्षीसपत्राची नोंदणी. साक्षीदार मी. नंबर यायला वेळ होता, पाटील म्हणाले चहा घेऊ.

कप हातात आल्यावर सहज म्हणाले, "मॅडम, पारावर तुमी खोटं बोलल्या. बरं केलं."

मी कप खाली ठेवला.

"फोन माझ्याच मोबाइलवरनं गेल्ता. फॉरेस्टवाले आले त्याच दिशी बघितलं म्या. तुमाला पारावर बोलवायच्या आदी समद्यांना मीच सांगितलं हुतं."

"गिरणीवाल्याला? गुणाबाईला?"

"समद्यांना ठावं हुतं. पन पाटलाच्या घरच्या बाईला गाव कसं बोलनार? कुनाला तरी बोलाया पायजे. तुमी हुताच."

आतून आमचा नंबर पुकारला. जमीन अजून त्यांच्याच नावावर होती. मी चहा संपवला आणि सही करायला आत गेले.